निळ्या दोऱ्याचे गोंडे : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

दीड वर्षापूर्वी, पेसाह सणाच्या आधीच्या आठवड्यात, मी जेरुसलेममधल्या एका दुकानातून तेखेलेतच्या दोऱ्यांचा एक संच विकत घेतला आणि तो माझ्या प्रार्थनेच्या शालीच्या, म्हणजे तालीतच्या, चारही कोपऱ्यांना स्वतः बांधला. तेखेलेत म्हणजे समुद्रातल्या एका शंखवर्गीय प्राण्यापासून काढलेल्या निळ्या रंगात रंगवलेली लोकर. इस्रायलमधल्या अश्दोदच्या आमच्या बेने इस्रायली, म्हणजे मूळ कोकणातल्या ज्यू, मंडळींपैकी काहींनी आणि ठाण्यामुंबईच्या नातलगांनी तेव्हापासून मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे : हा दोरा घ्यावा का, आणि घेतला तर तो खरा आहे हे कशावरून ओळखायचे? फोनवर तुकड्यातुकड्यांनी उत्तरे देण्यापेक्षा ती एकदा नीट लिहून काढावीत, म्हणून हा अभिप्राय.

ज्यांना या वस्तूची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चार कोपरे असलेल्या वस्त्राच्या प्रत्येक कोपऱ्याला गोंडा लावावा आणि त्या गोंड्यात एक निळा दोरा असावा, अशी आज्ञा तोराह या आमच्या मूळ धर्मशास्त्रातल्या गणना या ग्रंथाच्या १५व्या अध्यायात आहे. गोंड्याला हिब्रूत त्सीत्सीत म्हणतात. माझे आजोबा मात्र 'सिसीत' असाच उच्चार करीत. गणनेतला हा उतारा शेमा या प्रार्थनेचा तिसरा भाग आहे आणि रोज सकाळी तो म्हणताना आपण चारही गोंडे डाव्या हातात एकत्र धरतो व डोळ्यांपाशी नेऊन त्यांचे चुंबन घेतो. तोंडाने 'पतील तेखेलेत', म्हणजे 'निळ्या रंगाचा दोरा', असे म्हणायचे आणि हातात मात्र आठही पदर पांढरे, असे साधारण सातव्या-आठव्या शतकापासून चालत आले आहे. त्या सुमारास तो रंग तयार करण्याची विद्या लुप्त झाली, आणि 'आता आपल्याकडे फक्त पांढरा उरला आहे, तेखेलेत लपवले गेले आहे' असे वाक्य जुन्या मिद्राशात, म्हणजे धर्मग्रंथावरच्या विवरणात, नोंदवलेले राहिले. पांढरे गोंडे त्यामुळे अपुरे ठरत नाहीत. निळ्यावाचून पांढऱ्याचे आणि पांढऱ्यावाचून निळ्याचे अडत नाही, हे मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहाने स्पष्ट सांगितले आहे, आणि रेवदंड्याला तेलाचा घाणा चालवणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे 'शनिवार तेली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माझ्या पूर्वजांनी आज्ञा पाळण्यात काही उणे ठेवले, असे मी कधीही म्हणणार नाही.

आता मूळ वस्तूकडे येतो. हा दोरा विकत घेताना ग्राहक नेमके काय विकत घेतो, हे आधी समजून घ्यायला हवे, कारण बाजारात होणारी फसगत तिथेच होते. तलमूदच्या, म्हणजे मिश्नावरील चर्चांच्या ग्रंथाच्या, काळात खऱ्या तेखेलेतची नक्कल करणारा एक स्वस्त रंग होता. त्याला 'काला इलान' म्हणत, आणि तो म्हणजे आपली नीळ, हिंदुस्थानातून जगभर गेलेली आणि जिला पाश्चात्त्य भाषांनी नावातच 'हिंदुस्थानी' ठरवले ती वनस्पतीची नीळ. शंखातून निघणाऱ्या निळ्या रंगाचा आणि या निळीचा मुख्य रेणू एकच, इंडिगोटिन, हे आज रसायनशास्त्राने दाखवले आहे. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक कळत नाही, आणि हे तलमूदच्या ऋषितुल्य रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, पक्के ठाऊक होते. बावा मेत्सिया या खंडात म्हटले आहे की इजिप्तमध्ये कोण प्रथम जन्मलेला आणि कोण नाही हे ज्या परमेश्वराने ओळखले, तोच परमेश्वर वस्त्राला नीळ लावून 'हे तेखेलेत आहे' म्हणणाऱ्याचा हिशेब घेईल. मालाच्या भेसळीविरुद्ध इतकी कडक ताकीद मला दुसरीकडे कुठे आढळलेली नाही. अर्थ असा की या वस्तूत रंगाची छटा, दोऱ्याचा पीळ, वेष्टन या सगळ्या गोष्टी दुय्यम आहेत. रंगवणारा कोण, त्याच्यावर देखरेख कोणाची आणि विकणारा ते सिद्ध करू शकतो का, हीच तिची खरी प्रत आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो खरे, पण आधी पैसे घालवून शिकलो. त्याआधीच्या वर्षी मी दुसऱ्या एका दुकानातून निम्म्याहून कमी किमतीत निळ्या दोऱ्यांचे एक पाकीट आणले होते. पाकिटावर 'निळे दोरे, शुद्ध लोकर' एवढेच छापलेले होते. घरी आल्यावर शंका आली म्हणून परत जाऊन विचारले, तेव्हा विक्रेत्याने शांतपणे सांगितले की रंग रासायनिकदृष्ट्या तोच आहे, मग काय फरक पडतो? फरक सर्वच पडतो. निळ्या शाईने लिहिलेला कागद आणि सही केलेला दस्त यांची शाई एकच असू शकते, म्हणून त्यांची किंमत एक होत नाही. त्याने खोटे सांगितले नाही, हे मी मान्य करतो. पण धर्मसामग्रीच्या दुकानात, त्सीत्सीतच्या फळीवर, अशा शब्दांत लेबल लावून ते पाकीट ठेवणे योग्य नव्हे. ते दोरे मी वापरले नाहीत.

खरा रंग कोणत्या प्राण्याचा, या प्रश्नाची कहाणी लांबलचक आहे, पण तीवरच या संचाचा सगळा भरवसा उभा असल्याने ती सांगणे भाग आहे. पोलंडमधल्या राद्झिनचे रेब्बे, म्हणजे तिथल्या पंथाचे गुरू, गेर्शोन हेनोख लाइनर यांनी १८८७ मध्ये हा शोध पुन्हा हाती घेतला, इटलीतल्या नेपल्सच्या मत्स्यालयापर्यंत प्रवास केला, आणि आपल्याकडच्या माकुळाचा भाऊबंद असलेला, काळी शाई सोडणारा एक प्राणी हाच तलमूदमधला, तेखेलेतचा रंग देणारा 'हिलाझोन' असे ठरवले. त्यांच्या अनुयायांनी हजारोंच्या संख्येने निळे गोंडे लावले आणि राद्झिनचे लोक आजही तेच लावतात. पुढे १९१३ च्या सुमारास लंडन विद्यापीठात इत्झाक हालेवी हेर्त्सोग या तरुण रब्बींनी याच विषयावर प्रबंध लिहिला. राद्झिनच्या दोऱ्याची रासायनिक तपासणी करवली तेव्हा तो रंग 'प्रशियन ब्लू' हा कृत्रिम निळा निघाला. त्यातला लोखंडाचा अंश कृतीत वेगळा घातलेला होता आणि प्राण्याचा वाटा फक्त नत्राचा. तो रक्तातून, शिंगातून, कशातूनही आणता आला असता. हेर्त्सोग पुढे इस्रायलचे मुख्य अश्केनाझी, म्हणजे युरोपीय परंपरेचे, रब्बी झाले. त्यांचा मुलगा आणि नातू दोघेही या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, हे जाता जाता. प्रबंधात हेर्त्सोग यांनी म्युरेक्स ट्रंक्युलस या शंखाचा विचार सर्वांत गंभीरपणे केला होता, पण दोन अडचणींपाशी ते थांबले : त्या शंखातून निघणारा रंग जांभळट येई, आणि तलमूद म्हणते की हिलाझोनचे अंग समुद्रासारखे दिसते, तर संग्रहालयातला म्युरेक्स पांढरट दिसे.

दुसरी अडचण पाण्याखाली गेल्यावर सुटते. जिवंत म्युरेक्स शेवाळाने आणि समुद्रातल्या बारीक जीवांनी इतका माखलेला असतो की तळाच्या खडकातून तो वेगळा काढणेही कठीण जाते. पहिली अडचण १९८० च्या दशकात रामात गानच्या शेंकर महाविद्यालयातले रसायनतज्ज्ञ ओट्टो एल्स्नर यांनी सोडवली. ढगाळ दिवशी लोकर जांभळी होते आणि लख्ख उन्हात निळी, हे त्यांच्या लक्षात आले. कारण शंखाच्या रंगात ब्रोमिनचे अणू असतात, आणि रंग पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत असताना सूर्यप्रकाश ते अणू तोडून टाकतो. उरते ते शुद्ध निळे. भूमध्य समुद्राच्या काठी, उघड्या अंगणात काम करणाऱ्या प्राचीन रंगाऱ्याला ऊन मुद्दाम शोधायला लागले नसते. त्यानंतर रब्बी एलियाहू ताव्गेर यांनी या पद्धतीने धर्मशास्त्रानुसार पहिला दोरा रंगवला आणि १९९० च्या दशकात 'प्तील तेखेलेत' ही संस्था उभी राहिली. मसादाच्या किल्ल्यावर सापडलेल्या कापडाच्या एका तुकड्यात म्युरेक्सचा रंग आढळला, आणि २०१३ च्या अखेरीस इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने मृत समुद्राजवळच्या वादी मुरब्बाआतमधल्या रोमनकालीन कापडांतही तो मिळाल्याचे जाहीर केले, तेव्हा निदान एवढे निश्चित झाले की त्या काळी या भूमीतले लोक हाच शंख फोडून लोकर रंगवीत होते.

संच घेण्याआधी मी रंगाच्या एका प्रात्यक्षिकाला गेलो होतो आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी जावेच, असे मी आग्रहाने सांगतो. हातोडीच्या एका ठोक्याने शंख विशिष्ट जागी फोडला गेला. आत एक पिवळसर, ओलसर पट्टी दिसली. ती ग्रंथी कापून काचेवर ठेवली तेव्हा तिचा रंग आमच्या डोळ्यांदेखत पिवळ्याचा हिरवा, हिरव्याचा जांभळा होत गेला. वास असह्य होता. कुजलेला लसूण आणि ओहोटीच्या वेळचा चिखल एकत्र केला तर जो वास येईल तसा. मी कोकणातल्या सुकटीच्या वासात वाढलेला माणूस आहे, तरीही दोन पावले मागे सरलो. मग रंग क्षारयुक्त कोमट पाण्यात विरघळवला, बरणी उन्हात ठेवली, आणि पांढऱ्या लोकरीची लडी आत सोडली. बाहेर काढली तेव्हा ती पोपटी पिवळी होती. दाखवणाऱ्याने ती फक्त हवेत धरली. वाऱ्याला लागलेल्या टोकाकडून निळा रंग चढू लागला आणि सावकाश आतल्या धाग्यापर्यंत पोहोचला. अर्ध्या मिनिटाच्या आत सारी लडी निळी झाली. तिथे जमलेल्यांपैकी कोणी बोलले नाही. तेखेलेत समुद्रासारखे, समुद्र आकाशासारखा आणि आकाश परमेश्वराच्या सिंहासनासारखे, हे रब्बी मेईर यांचे वचन मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्यातली पहिली पायरी मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिली.

संच घेताना तो कोणत्या मताप्रमाणे हवा, हे दुकानदार पहिल्यांदा विचारतो, आणि इथे नवखा माणूस गोंधळतो. प्रत्येक कोपऱ्यात चार दोरे ओवून दुमडले की आठ पदर लोंबतात. मध्ययुगीन धर्मपंडित रामबाम यांच्या मते त्या आठांपैकी एकच पदर निळा असावा, म्हणजे एक दोरा अर्धाच रंगवलेला. त्यांचे टीकाकार रावाद यांच्या मते एक पूर्ण दोरा, म्हणजे दोन पदर. तलमूदचे भाष्यकार राशी आणि तोसाफोत यांच्या मते दोन दोरे, म्हणजे चार पदर. निळे जितके जास्त तितकी किंमत चढते. मी रामबामचा संच घेतला. तो सर्वांत स्वस्त होता हे एक कारण, पण आठ पदरांत एकच निळा असला की डोळा आपोआप त्याच्याकडे जातो, हे खरे कारण. 'तो पाहून आज्ञांची आठवण व्हावी' असे तोराह म्हणते, आणि मला ते एका दोऱ्याने अधिक साधते असे वाटले.

माझ्या संचाबरोबर देखरेख करणाऱ्या रब्बींचे प्रमाणपत्र होते, त्यात सूत कातणे, पीळ देणे आणि रंगवणे हे सर्व 'लिश्मा', म्हणजे याच आज्ञेच्या हेतूने केल्याचे नोंदवले होते, आणि रंगाचा उगम म्युरेक्स असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले होते. तलमूदनुसार रंग कसा उतरला हे पाहण्यासाठी भांड्यात बुडवलेली नमुन्याची लोकर गोंड्याला चालत नाही, म्हणून तपासणीचा रंग वेगळ्या भांड्यात काढून घ्यावा लागतो. तोही तपशील त्यात होता. ज्या संचाबरोबर असा कागद नाही तो घेऊ नये, भले विक्रेता ओळखीचा असो.

दोऱ्यांची प्रत चांगली आहे. लोकर बारीक, पीळ घट्ट, आणि निळा अर्धा पांढऱ्या अर्ध्यापेक्षा किंचित राठ लागतो. रंग सगळीकडे एकसारखा नाही. चार कोपऱ्यांपैकी एकाचा निळा बाकीच्यांहून थोडा गडद आहे. मला तो दोष वाटत नाही, कारण हाताने रंगवलेल्या मालात असे होणारच. पण ज्यांना तंतोतंत सारखेपणा हवा त्यांनी पाकीट उघडून उजेडात पाहून घ्यावे. छटा म्हणाल तर रामबाम निरभ्र आकाशाची उपमा देतात आणि राशी संध्याकाळी अंधारत जाणाऱ्या आकाशाची. माझा दोरा राशींच्या आकाशाच्या जवळ जातो.

तक्रार एकच, आणि ती बांधणीच्या सूचनापत्राबद्दल. पत्र हिब्रू आणि इंग्रजीत होते, आकृत्या इतक्या लहान की चष्मा लावूनही निळा वेढा कुठे संपतो आणि पांढरा कुठे सुरू होतो हे कळेना. पहिला आणि शेवटचा वेढा पांढऱ्याचा आणि मधले निळ्याचे, प्रत्येक तीन वेढ्यांचा एक गट, असे सात ते तेरा गट, हा नियम समजायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. पहिला कोपरा बांधून पाहिला तर चौथ्या गटानंतर निळा पदर अपुरा पडला. सगळे सोडून पुन्हा बांधले. माझी बायको शेजारी बसून मोठ्याने वेढे मोजत होती, 'एक, दोन, तीन, थांबा', आणि चौथा कोपरा पूर्ण झाला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पहिल्यांदा घेणाऱ्याने बांधून मिळेल का हे दुकानातच विचारावे. थोडे जास्त पैसे लागतात, पण दोरा पुन्हापुन्हा सोडल्याने पीळ उकलतो, त्यापेक्षा ते परवडते.

रंग पक्का आहे. मी तालीत दीड वर्षात तीनदा धुतली, कोमट पाण्यात, हाताने, गोंडे एका कापडी पिशवीत बांधून. पांढरे पदर घामाने आणि हाताळणीने पिवळट पडले आहेत. निळा जसाच्या तसा आहे आणि शेजारच्या पांढऱ्यावर त्याचा डाग उतरलेला नाही. खरे तेखेलेत विटत नाही, असे तलमूदही म्हणते. अर्थात इंडिगो असलेली नीळही लोकरीवर चांगली टिकते, त्यामुळे याला कोणी सत्यतेचा पुरावा समजू नये.

आता मुख्य प्रश्न, हा दोरा आज लावावा का? विरोध करणारे लोक अडाणी किंवा हट्टी नाहीत, आणि त्यांचे म्हणणे मी पूर्ण आदराने ऐकले आहे. त्यांचा मुख्य आक्षेप असा की आज्ञा पाळण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात येते. ती साखळी तुटल्यावर प्रयोगशाळेतून आलेला पुरावा कितीही भक्कम असला तरी तो वारशाची जागा घेऊ शकत नाही. रब्बी योसेफ शालोम एल्याशीव यांच्यासारख्या थोर निर्णायकाने याच बाजूने मत दिले. उलट न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातले रब्बी हर्शल शॅक्टर स्वतः तेखेलेत लावतात आणि शिष्यांनाही सांगतात की ओळख पटल्यावर तोराहची आज्ञा आपोआप लागू होते. दुसरा आक्षेप दिखाव्याचा आहे : वडीलधारे पांढरे लावत असताना तरुणाने निळे मिरवू नये.

माझ्या धाकट्या काकांनी हा दुसरा आक्षेप शब्बाथच्या, म्हणजे विश्रामदिवसाच्या, जेवणानंतर माझ्यासमोर मांडला. ते म्हणाले, "अरे, दोन हजार वर्षं कोकणात आपण पांढऱ्यावर तरलो. पांढऱ्यानं तुझं काय वाईट केलं?" मी म्हणालो, "काही नाही काका, पांढरे सात पदर अजून तिथंच आहेत." त्यांनी माझ्या तालीतचा कोपरा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारले, "हा रंग नक्की तोच आहे, याची तुला खात्री आहे?" मी त्यांना खरे तेच सांगितले, की शंभर टक्के नाही.

माझा निर्णय त्याच उत्तरावर उभा आहे. तोराहच्या आज्ञेबद्दल संशय असेल तर कडक बाजू धरावी, हा आपला जुना नियम आहे. म्युरेक्स बरोबर असेल तर हा दोरा लावून मी आज्ञेचा हरवलेला अर्धा भाग पाळतो. तो चुकीचा असेल तर माझ्या गोंड्यात एक रंगीत लोकरीचा दोरा आहे, आणि अनेक जाणकारांच्या मते रंगामुळे गोंडा बाद ठरत नाही. अश्केनाझी रीतीचे जुने निर्णायक रेमा यांनी दोरे पांढरेच असावेत असे म्हटले आहे, त्यामुळे अश्केनाझी रीत पाळणाऱ्याने आपल्या रब्बींना विचारल्याशिवाय हे करू नये. आपण बेने इस्रायली बहुधा सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंची, रीत पाळतो, तरी आपल्या हझानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, आणि रब्बींना विचारणे मला सोडवत नाही, आणि मी विचारूनच बांधले. पण ज्याचा पुराव्यावर विश्वास बसत नाही त्याने केवळ शेजाऱ्याने लावले म्हणून निळा लावू नये. नुसत्या शोभेसाठी तर मुळीच नाही. त्यासाठी ज्या प्राण्यांचा जीव जातो त्यांची संख्या थोडी नाही. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर यांना याच कुळातल्या बारा हजार शंखांपासून जेमतेम १.४ ग्रॅम शुद्ध रंग मिळाला होता.

किंमत साध्या पांढऱ्या लोकरी संचाच्या कित्येक पट आहे. शंखांचा, उन्हाचा, देखरेखीचा आणि हातकामाचा विचार करता ती मला अवाजवी वाटली नाही, पण नुकत्याच इथे आलेल्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाने उसने पैसे काढून हा संच घेऊ नये. त्यांनी आधी चांगल्या, हाताने कातलेल्या पांढऱ्या दोऱ्यांचा संच घ्यावा. ज्याला परवडते आणि जो या प्रश्नावर विचार करून बसला आहे, त्याने तालीतसाठी रामबामचा संच घ्यावा आणि रोज अंगावर वापरायच्या लहान वस्त्रासाठी वर्षभर थांबून, अनुभव घेऊन मग ठरवावे. मीही तेच केले, आणि या हिवाळ्यात दुसरा संच घेणार आहे.

वडिलांच्या तालीतला मात्र मी हात लावलेला नाही. ती त्यांनी मुंबईहून येताना आणली होती, तिचे गोंडे त्यांनी बांधलेले आणि पांढरे आहेत, आणि योम किपुर या उपवासाच्या दिवशी मी तीच पांघरतो.